रसद, नियम आणि न्याय : ‘टूर द फ्रान्स’च्या इतिहासाच्या संदर्भात

प्रस्तावना
सायकल शर्यतीत स्वाराने काय खावे, कोठे प्यावे आणि कोणाचे साहाय्य घ्यावे, हा विषय वरकरणी क्षुल्लक भासतो. तथापि १९०३ साली ‘लोटो’ या वृत्तपत्राने सुरू केलेल्या ‘टूर द फ्रान्स’चा इतिहास पाहता, न्याय्य स्पर्धा म्हणजे काय, या प्रश्नाचे उत्तर अशाच नियमांतून घडत गेल्याचे दिसते. प्रस्तुत लेखात या स्थित्यंतराचा मागोवा घेतला आहे.

स्वावलंबनाचा आदर्श
१९०४ च्या स्पर्धेतील पहिले चारही स्वार नियमभंगामुळे बाद ठरले आणि अवघ्या १९ वर्षांच्या आंरी कोर्ने यास विजेता घोषित करण्यात आले. संस्थापक आंरी देग्रांज यांच्या मते, स्वाराने एकट्याच्या बळावर मार्ग कापणे हीच खरी कसोटी होती. १९१३ मध्ये तुरमाले घाटात ओझेन क्रिस्तोफ याच्या सायकलचा पुढील चिमटा मोडला. सायकल घेऊन तो पायी सेंत-मारी-द-कांपां गावी गेला आणि लोहारशाळेत त्याने स्वतःच्या हातांनी चिमटा जोडला. मात्र एका मुलाने भाता हलविला, म्हणून त्यास १० मिनिटांचा दंड झाला. पुढे तो ३ मिनिटांवर आणण्यात आला. या साहाय्याने कोणाही प्रतिस्पर्ध्याचे नुकसान झाले नव्हते. भंगला होता तो केवळ आदर्श.

आदर्शाची किंमत
या आदर्शाची किंमत स्वारांच्या शरीरांनी मोजली. १९२४ मध्ये अंगावरील जर्सींच्या तपासणीने संतप्त होऊन आंरी पेलिसिए याने शर्यत सोडली. वेदना सोसण्यासाठी आपण कोणती औषधे घेतो, हे त्याने पत्रकार आल्बेर लोंद्र यांस दाखविले. १३ जुलै १९६७ रोजी माँ व्हाँतू पर्वतावर प्रखर उन्हात टॉम सिम्पसन याचा मृत्यू झाला. शवविच्छेदनात अॅम्फेटामाइन व मद्य आढळले. त्या काळी स्वारांना मिळणाऱ्या पाण्यावरही कडक मर्यादा होती. उत्तेजकांचा दोष निर्विवाद असला, तरी तहानेला कसोटी मानणारी दृष्टी त्यातून सर्वस्वी निर्दोष ठरत नाही.

समान संधीचा नियम
आज ताशी ९० ग्रॅम किंवा त्याहून अधिक कर्बोदके घेणे व्यावसायिक स्वारांत रूढ झाले आहे. साहाय्य नाकारण्याऐवजी त्याचे स्थान व वेळ नियम ठरवितात. २०१३ मध्ये आल्प द्युएझच्या चढावर, अन्न घेण्यास बंदी असलेल्या अखेरच्या टप्प्यात, रिची पोर्ट याने संघाच्या मोटारीतून ऊर्जादायी जेल घेऊन क्रिस फ्रूम यास दिले. दोघांनाही प्रत्येकी २० सेकंदांचा दंड झाला. फ्रूमने ती स्पर्धा ४ मिनिटे २० सेकंदांच्या फरकाने जिंकली. येथे दंडाचे स्वरूपच पालटलेले दिसते. क्रिस्तोफला झालेला दंड ही नैतिक निर्भर्त्सना होती; फ्रूमचा दंड मात्र आघाडीच्या स्वारास सहज परवडणारे मूल्य ठरला.

निष्कर्ष
सारांश, न्यायाची कल्पना स्वावलंबनाकडून समान संधीकडे सरकली, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. कारण तीत स्वाराच्या देहाचा विचार आहे. परंतु ठरावीक दंड ज्यास परवडतो त्याच्यासाठी नियम हे बंधन न राहता केवळ हिशेब ठरतो. भाता हलविणाऱ्या मुलाला अपराधी मानणारा नियम जितका अपुरा होता, तितकाच दंडाला मोल मानू देणारा नियमही अपुरा होय.