हुंडेकऱ्याच्या वहीबाहेर

मोल्सवर्थच्या कोशात 'हुंडेकरी' हा शब्द सापडतो. एका गावचा माल दुसऱ्या गावी पोचविण्याचे काम ठोक रकमेत अंगावर घेणारा आणि वाटेतल्या जकाती व इतर खर्च त्याच रकमेतून भागविणारा, तो हुंडेकरी. बैल हाकणारा किंवा गाडीवान वेगळा. तो उन्हापावसात माल वाहून नेई. पण व्यापाऱ्याशी बोली करणे आणि वहीत नाव लागणे हे हुंडेकऱ्याचे. बैलगाडी गेली, ट्रक आला, तरी महाराष्ट्रातल्या काही बाजारपेठांत हा शब्द टिकून राहिला. शब्द टिकला कारण त्यामागची विभागणी टिकली. भाडे ठरविणारा एक आणि गाडी चालविणारा दुसरा.

ट्रकचालकाचा ट्रकमालक झाला, त्याच्या एकाच्या चार गाड्या झाल्या, ही गोष्ट आपल्याकडे कष्टाची आणि जिद्दीची म्हणून सांगितली जाते. कष्ट होतेच. पण अहोरात्र कष्ट करून आयुष्यभर चालकच राहिलेले त्याहून कितीतरी अधिक. तेव्हा इतिहासाला विचारायचा प्रश्न निराळा आहे: जे पलीकडे गेले त्यांना वाट कोठे मिळाली? माझ्या मते ती वाट गाडी चालविण्याच्या कौशल्यातून जात नव्हती. परवाना, कर्ज आणि भाडे या तीन दारांतून ती जाई आणि त्या तिन्ही दारांच्या किल्ल्या दुसऱ्यांकडे असत.

पहिले दार सरकारी. १९३९ च्या मोटार वाहन कायद्याने मालवाहतुकीस परवाना सक्तीचा केला. त्यामागे रेल्वेचे उत्पन्न सांभाळण्याची चिंता मोठी होती. रस्ता आणि रेल्वे यांच्या स्पर्धेची चौकशी त्यापूर्वीच, १९३० च्या दशकाच्या प्रारंभी, मिचेल आणि किर्कनेस यांनी केली होती. महायुद्ध संपले तेव्हा लष्कराच्या जुन्या लॉऱ्या विक्रीस निघाल्या आणि लष्करात चाक धरायला शिकलेले जवान घरी परतले. गाडी होती, चालक होता. परवाना मात्र मोजकाच. १९५०-५१ मध्ये देशातल्या मालवाहतुकीत रेल्वेचा वाटा सुमारे ८९ टक्के होता आणि तो तसाच राहावा अशी व्यवस्थेची इच्छा होती. जी वस्तू टंचाईची तिला किंमत येते. परवान्यालाही ती आली. १९५९ साली मसानी समितीने या निर्बंधांवर टीका केली आणि बहुसंख्य मालक एकेका ट्रकचे धनी आहेत, त्यांनी एकत्र येऊन टिकाऊ गट करावेत असेही सुचविले. गट फारसे झाले नाहीत. परवाने मागाहून सैल होत गेले: १९७५ साली राष्ट्रीय परवान्याची योजना आली आणि १९८८ च्या कायद्याने परवाना सहसा नाकारू नये असेच म्हटले. एका पिढीने ज्या कागदासाठी उंबरठे झिजविले तो पुढच्या पिढीला जवळजवळ मागताक्षणी मिळू लागला.

दुसरे दार कर्जाचे. १९५४ साली जमशेदपूरला टाटा-मर्सिडीज ट्रक तयार होऊ लागले आणि त्याच वर्षी मद्रासला सुंदरम फायनान्स ही कंपनी स्थापन झाली. हा योग बोलका आहे, कारण नवा ट्रक रोखीने घेईल असा माणूस चालकांत विरळा. भाडेखरेदीच्या करारात शेवटचा हप्ता फिटेपर्यंत गाडी सावकाराची. चालविणारा कायद्याच्या दृष्टीने तिचा भाडेकरू. हप्ता चुकला तर गाडी ओढून नेली जाई, मग आधी कितीही हप्ते भरलेले असोत. या व्यवहारात ग्राहकाला संरक्षण देणारा भाडेखरेदी कायदा संसदेने १९७२ साली केला. तो अमलात कधीच आला नाही आणि २००५ साली रद्द झाला. तेहतीस वर्षे कायदा पुस्तकात आणि गाड्या सावकाराच्या आवारात! १९६९ मध्ये १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, छोट्या वाहतूकदाराला अग्रक्रम क्षेत्रात जागा मिळाली. पण बँकेला तारण लागे आणि चालकाजवळ तारण म्हणून दाखविण्याजोगा असे फक्त त्याचा परवाना, तोही वाहन चालविण्याचा.

म्हणून चालकाची पहिली गाडी बहुधा जुनी असे. याला नियमाचाही हातभार लागला. १९८९ च्या केंद्रीय नियमांनुसार बारा वर्षांहून जुन्या साध्या ट्रकला राष्ट्रीय परवाना मिळत नसे. लांब पल्ल्यातून बाद झालेली गाडी स्वस्तात विकली जाई आणि ती घेणारा पुष्कळदा तिच्यासारखीच एखादी गाडी वर्षानुवर्षे चालविलेला माणूस असे. तिचा आवाज ऐकून तिचे दुखणे ओळखणे ही त्याची खरी पुंजी. १९७९ साली मद्रासमध्ये सुरू झालेल्या श्रीराम ट्रान्सपोर्ट फायनान्सने नेमका हाच माणूस हेरला. जुन्या ट्रकवर, पगाराची चिठ्ठी नसलेल्या चालकाला कर्ज देऊन तिने मोठा व्यवसाय उभा केला. ज्याला बँक धोका समजत होती त्याला या मंडळींनी ग्राहक मानले. व्याज अर्थातच त्या धोक्याच्या हिशेबाने.

तिसरे दार सर्वांत अवघड, आणि ते म्हणजे भाडे. गाडी दारात उभी राहिली तरी माल हुंडेकऱ्याच्या, म्हणजे आता ट्रान्सपोर्ट कंपनीच्या नाहीतर दलालाच्या हाती. बिल्टी त्यांच्या नावाची, दलाली त्यांची, आणि परतीचे भाडे मिळाले नाही तर रिकाम्या फेरीचे डिझेल गाडीवाल्याचे. ज्या मोठ्या यशोगाथा आपण ऐकतो त्या बहुधा याच दाराच्या आतल्या बाजूने सुरू झालेल्या असतात. गदगचे विजय संकेश्वर १९७६ साली एका ट्रकवर या धंद्यात आले, हे खरे. पण त्यांच्या घरी छपाईचा आणि पुस्तकप्रकाशनाचा व्यवसाय होता. एका ट्रकपासून सुरुवात करणे आणि चालकाच्या आसनापासून सुरुवात करणे यांत पुष्कळ अंतर आहे.

महाराष्ट्रात मात्र एक ठिकाण असे होते की जेथे चालकाला भाड्याची हमी मिळू शके: साखर कारखाना. १९५० नंतर प्रवरानगरच्या वाटेने सहकारी कारखाने वाढत गेले आणि प्रत्येक हंगामात शिवारातला ऊस गव्हाणीपर्यंत आणण्यास शेकडो गाड्या लागू लागल्या. कारखाना वाहतूकदाराशी तोडणी-वाहतुकीचा करार करतो, टनावर आणि अंतरावर दर देतो, हंगामापूर्वी आगाऊ रक्कमही देतो. वाहतूकदार ती उचल म्हणून मुकादमाला देतो आणि मुकादम टोळी आणतो. या साखळीत चालकाचे ज्ञान अचानक मोलाचे ठरले. बीड, पाथर्डीकडच्या टोळ्या दिवाळीच्या सुमारास गाडीत भरून त्याने सांगली-कोल्हापूरकडे नेलेल्या असत. कोणता मुकादम शब्दाचा पक्का, कोणाच्या टोळीत किती कोयते, हे मालकापेक्षा त्याला अधिक ठाऊक. अशा माणसाने स्वतःच्या नावावर करार केला की हप्ता आणि भाडे यांची गाठ निदान पाच-सहा महिने पडे. पण जोखीमही त्याच्याच गळ्यात. टोळी आलीच नाही, मुकादम उचल घेऊन दुसऱ्या कारखान्याला गेला, तर कारखान्याचे येणे वाहतूकदाराच्या नावावर उभे. एका हंगामात मालक झालेला माणूस दुसऱ्या हंगामात पुन्हा दुसऱ्याच्या गाडीवर दिसतो तो यामुळे. आणि ऊस संपल्यावर? मग खत, कांदा, वाळू, मिळेल ते.

पहिल्या गाडीवर मालक स्वतः चालक असतो. दुसरी आली की तिच्यासाठी चालक ठेवावा लागतो आणि येथे गोष्टीचा सूर बदलतो. भत्त्यात किती कापायचे, डिझेलचा हिशेब कसा तपासायचा, टायर फुटला तर दोष कोणाचा, हे सारे त्याला आतून माहीत असते. तो तेच करून आलेला असतो. काही जण त्यामुळे समजूतदार मालक होतात, काही त्यामुळेच अधिक कडक. कायद्याचे लक्ष मात्र येथवर पोचत नव्हते. चालकांचे कामाचे तास व विश्रांती ठरविणारा १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांनाच लागू होता. दोन गाड्यांचा मालक या उंबरठ्याच्या खाली. म्हणजे काल जो चालक म्हणून कायद्याबाहेर होता, त्याने ठेवलेला चालकही कायद्याबाहेरच राहिला.

या साऱ्याचा पुरावा कोठे शोधायचा? येथे इतिहासकार अडतो. आरसी बुकावर सावकाराची नोंद, बिल्टीवर ट्रान्सपोर्टचे नाव, करारावर कारखान्याचा शिक्का. १९९४ साली आयकर कायद्यात दहापर्यंत मालवाहू गाड्या असलेल्यांसाठी ठोक उत्पन्न धरण्याची तरतूद आली आणि त्यांना हिशेबवह्या ठेवण्यातूनही सूट मिळाली. छोट्या मालकासाठी ती मोठी सोय होती. त्याच सोयीने त्याच्याकडून लिहिला जाण्याचा संभव असलेला एकमेव दस्तऐवजही गेला. नामदेव ढसाळ मुंबईत टॅक्सी चालवीत हे आपल्याला ठाऊक आहे, कारण ते कवी झाले. इतर चालक सापडतात ते अपघात दावा न्यायाधिकरणांच्या निकालपत्रांत: नाव, वय, मासिक प्राप्ती, अवलंबून असलेल्या व्यक्ती. कोणी मेला किंवा कोणी मारला गेला तरच ती पाने लिहिली जातात. सुखरूप घरी पोचलेल्या खेपेची नोंद कोण ठेवणार?

उरतो तो ट्रकचा पत्रा. मालक झालेल्या चालकाने स्वतः लिहविलेला मजकूर तेवढाच: पुढे कुलदैवताचे नाव, बाजूला मुलांची नावे, मागे आईवडिलांचे आशीर्वाद आणि एखाद्या गाडीवर फायनान्स कंपनीच्या कृपेचाही मिस्कील उल्लेख. साहित्याच्या अभ्यासकांनी या मजकुराकडे गंमत म्हणून पाहिले आहे. मालकीहक्काचा दस्तऐवज म्हणून तो वाचावयास हवा. गाडीचे कर्ज फिटले, ती विकली गेली, की नवा मालक पहिल्यांदा रंगारी बोलावतो आणि मुलांची नावे पुसून आपल्या मुलांची घालतो.