जावाचे इंजिन खोलताना

जुनी जावा मोटारसायकल घरच्या गॅरेजात खोलावयास बसलेल्या मनुष्याची पहिली गाठ पडते ती डाव्या अंगाच्या एका दांड्याशी. कारण किक मारणे आणि गिअर बदलणे हे दोन्ही व्यवहार या यंत्राच्या कर्त्यांनी त्या एकट्यावरच सोपविले असून, गिअर बदलताना क्लच आपोआप सुटावा अशी तजवीजही आतून करून ठेवली आहे.

आपोआप सुटणाऱ्या क्लचची ही युक्ती आकारास आली ती नाझी अमलाखालील चेकोस्लोव्हाकियात. फ्रांतिशेक यानेचेक यांनी 1929 साली सुरू केलेला जावाचा कारखाना युद्धकाळात जर्मनांच्या चाकरीस जुंपला गेला, तरी तेथील अभियंत्यांनी अंमलदारांची नजर चुकवून 250 सी.सी.ची नवी गाडी सिद्ध केली, आणि ‘पेराक’ या नावाने ओळखली जाणारी ही गाडी 1946 साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडली. तिच्याच वंशातील पुढची गाडी आपल्याकडे आली. आयातीवर सरकारी निर्बंध आवळले गेले तेव्हा, मुंबईत या गाड्यांचा व्यापार करणाऱ्या रुस्तम इराणी यांनी परवाना मिळवून म्हैसुरास ‘आयडियल जावा’ हा कारखाना काढला. तेथे 1961 पासून गाड्या तयार होऊ लागल्या, 1973 मध्ये नाव पालटून ‘येझदी’ झाले आणि 1996 साली कारखान्याला टाळे लागले.

हा झाला कागदोपत्री इतिहास. परंतु इंजिन बाकावर घेऊन डावे झाकण काढले, प्रायमरी चेन अखंड असल्यामुळे क्लच आणि पुढचे दातेरी चक्र ही दोन्ही पुलर लावून एकदमच ओढून घेतली, आणि सिलिंडर उचलून 65 मिलिमीटर व्यासाचा मूळ बोअर मोजू लागले, की तिसऱ्याच एका कर्त्याचा हात दिसू लागतो. बोअर मोठा करून ओव्हरसाइज पिस्टन घातलेला असतो. गेलेल्या आट्यांच्या जागी पितळी बुश बसविलेला असतो. पॅकिंग म्हणून जाड पुठ्ठा कापून लावलेला असतो. पेट्रोलात मिसळलेल्या तेलाची काजळी सायलेन्सरात दगडासारखी घट्ट होते, ती जाळून काढताना पत्र्यावर उठलेले निळसर डागही पुसले गेलेले नसतात. प्रेसने जोडलेला क्रँक उघडून नव्या पिनेवर पुन्हा सरळ रेषेत आणणे हे तर कुशल खरादीचेच काम. आणि ते साध्या लेथवर करणाऱ्या मिस्त्रीचे नाव कोणत्याही दप्तरात नोंदलेले नाही.

आजचा हौशी माणूस पुण्याच्या नाना पेठेपासून मुंबईच्या कुर्ल्यापर्यंत भंगार धुंडाळतो, कारखान्यातून निघाली तशीच गाडी उभी करावयाची म्हणून मिस्त्रीची सारी डागडुजी काढून टाकतो, आणि टाकीवर आरशासारखा क्रोम चढवितो. मला हा उत्साह थोडा अन्यायाचा वाटतो. पुठ्ठ्याचे पॅकिंग खुशाल फेकावे. पण नीट बसलेला पितळी बुश केवळ तो म्हैसूरचा नाही म्हणून उपटू नये. सुटे भाग मिळेनासे झाल्यानंतरच्या काळात या गाड्या रस्त्यावर राहिल्या, त्या अशाच बुशांच्या जोरावर.