मोतीशिंपला, गोड्या पाण्यातील : संवर्धन

युरोपातील थंड, स्वच्छ आणि चुना कमी असलेल्या नद्यांच्या तळाशी राहणारा द्विपुट मृदुकाय प्राणी. शास्त्रीय नाव मार्गारिटिफेरा मार्गारिटिफेरा. ही जाती उत्तर अमेरिकेच्या ईशान्य भागातही आढळते. लांबी सुमारे १२ सेंमी., शिंपा काळपट तपकिरी. वयाची शंभरी तो सहज गाठतो. उत्तरेकडील काही प्रवाहांत २०० वर्षांपुढचे नमुनेही नोंदले गेले आहेत.

मादी उन्हाळ्यात लक्षावधी डिंभ पाण्यात सोडते. मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान असलेल्या या डिंभाच्या दोन्ही शिंपा उघड्या असतात. अटलांटिक सामन किंवा ब्राउन ट्राउट माशाने श्वसनासाठी घेतलेल्या पाण्याबरोबर तो कल्ल्यापाशी पोचला, की शिंपा खटकन मिटतात आणि डिंभ तिथेच घट्ट धरून बसतो. बहुतेकांना मासा भेटतच नाही. ते वाहून जाऊन मरतात. उरलेले कल्ल्यांत हिवाळा काढतात आणि पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडावर अर्ध्या मिलिमीटरचे शिंपले होऊन गळून पडतात. मग तळाच्या खडीत शिरून ते सुमारे पाच वर्षे तिथेच वाढतात.

संवर्धनाचा खरा प्रश्न या खडीत आहे. शेतातून आणि वनलागवडीतून वाहून आलेली बारीक माती खडीतील फटी बुजवते. खतांमुळे माजलेले शेवाळ कुजून त्यात भर घालते. आत खेळणारे पाणी थांबते, प्राणवायू संपतो आणि पिल्ले गुदमरतात. प्रौढ शिंपले मात्र अर्धे वर राहून वाहत्या पाण्यात तगून असतात. त्यामुळे तळ शिंपल्यांनी भरलेला दिसतो, पण अनेक नद्यांत कित्येक दशकांत एकही नवी पिढी उभी राहिलेली नसते. केवळ संख्या मोजून असा समूह सुरक्षित ठरवणे चूकच.

मोत्यांच्या हव्यासाने मोठी हानी केली. सॅक्सनीत १६२१ पासून मोतीवेचणी राज्यकर्त्याच्या अखत्यारीत होती. तिथे खास चिमट्याने शिंपा किंचित उघडून, मोती नसल्यास शिंपला जिवंत परत सोडत. अन्यत्र सरसकट कत्तल झाली. स्कॉटलंडमधील वेचणारे काचेच्या तळाची बादली पाण्यावर टेकवून तळ न्याहाळत. आज तसेच साधन गणनेसाठी वापरतात.

कायदा : युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशात समावेश, ब्रिटनमध्ये १९९८ पासून पूर्ण संरक्षण.

आयर्लंडच्या नोर नदीतील कठीण पाण्यात राहणारा समूह स्वतंत्र जाती की उपजाती, यावर एकमत नाही.

चेकियातील ब्लानिट्से नदी, लक्झेंबर्गमधील काल्बोर्न आणि इंग्लंडमधील विंडरमियर येथे माशांच्या कल्ल्यांवर डिंभ चढवून पिल्ले वाढवली जातात. ही पिल्ले म्हणजे हाती राखलेले बियाणे; नदीची खडी आधी मोकळी झाली नाही, तर ती सोडून उपयोग नाही. इंग्लंडमधील सर्वांत मोठा समूह कंब्रियातील एहेन नदीत आहे. ही नदी ज्या एन्नरडेल सरोवरातून निघते, तिथून नळयोजनेसाठी होणारा उपसा, नदीत शिंपल्यांना पुरेसे पाणी राहावे म्हणून, २०२२ मध्ये बंद करण्यात आला आणि त्या भागाला थर्लमियर जलाशयाचे पाणी देण्यात आले.