क्रिकेट-साखळ्यांतील व्यावसायिक संघर्ष

एकाच खेळाचे साखळी सामने दोन स्वतंत्र संस्था एकाच देशात भरवू लागल्या, म्हणजे खेळाडू, मैदाने, प्रेक्षक आणि प्रक्षेपणाचे उत्पन्न या चार गोष्टींसाठी त्यांच्यात चढाओढ सुरू होते. भारतात या प्रकारचा सर्वांत ठळक संघर्ष २००७–०९ या काळात ‘इंडियन क्रिकेट लीग’ (आयसीएल) व ‘इंडियन प्रीमियर लीग’ (आयपीएल) या वीस षटकांच्या सामन्यांच्या दोन साखळ्यांत झाला. त्याचा निर्णय खेळाच्या दर्जावर किंवा प्रेक्षकांच्या पसंतीवर लागला नाही. खेळाला अधिकृत मान्यता देण्याचा अधिकार कोणाकडे आहे, यावर तो लागला.

पूर्वपीठिका : या संघर्षाला ऑस्ट्रेलियातील एक पूर्वोदाहरण होते. प्रक्षेपणाचे हक्क न मिळाल्याने चित्रवाणी-उद्योजक केरी पॅकर यांनी १९७७ मध्ये ‘वर्ल्ड सीरीज क्रिकेट’ ही स्वतंत्र मालिका सुरू केली. तीत खेळणाऱ्यांवर क्रिकेट संघटनांनी घातलेली बंदी व्यवसायस्वातंत्र्यावरील गैरवाजवी निर्बंध ठरते, असा निर्णय इंग्लंडच्या उच्च न्यायालयाने त्याच वर्षी दिला. अखेर १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मंडळाने पॅकर यांच्याशी तडजोड केली आणि प्रक्षेपणाचे हक्क त्यांना मिळाले. भारतातील ठिणगीही प्रक्षेपण-हक्कांवरूनच पडली. सामन्यांच्या प्रक्षेपणाविषयी झी समूह व भारतीय क्रिकेट नियामक मंडळ यांच्यात उद्‌भवलेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. मंडळ हे संविधानाच्या अनुच्छेद १२ च्या अर्थाने ‘राज्य’ नाही, असा निर्णय न्यायालयाने २ फेब्रुवारी २००५ रोजी तीन विरुद्ध दोन अशा बहुमताने दिला.

आयसीएलची स्थापना : मार्च २००७ मधील विश्वचषक स्पर्धेत भारतीय संघ पहिल्याच फेरीत बाद झाला. त्यानंतर लगेच, एप्रिलमध्ये, सुभाष चंद्र यांच्या एस्सेल समूहाने आयसीएलची घोषणा केली. कपिल देव यांच्याकडे तिच्या कार्यकारी मंडळाची सूत्रे देण्यात आली. पॅकर यांच्या मालिकेसाठी खेळाडू जमविणारे टोनी ग्रेग आणि भारताचे माजी यष्टिरक्षक किरण मोरे हेही त्या मंडळावर होते. सर्व संघ एकाच समूहाच्या मालकीचे होते आणि विजेत्या संघासाठी दहा लाख डॉलरचे पारितोषिक ठेवण्यात आले होते. सहा संघांची पहिली स्पर्धा नोव्हेंबर–डिसेंबर २००७ मध्ये पंचकुला येथे होऊन चेन्नई संघ विजयी झाला.

मंडळाचा प्रतिकार : शरद पवार यांच्या अध्यक्षतेखालील (२००५–०८) नियामक मंडळाने नव्या साखळीस मान्यता नाकारली. तीत सामील होणाऱ्या खेळाडूंना रणजी करंडकासह मंडळाच्या सर्व स्पर्धांचे आणि पर्यायाने राष्ट्रीय संघाचे दार बंद झाले. ऑगस्ट २००७ मध्ये कपिल देव यांना राष्ट्रीय क्रिकेट अकादमीच्या अध्यक्षपदावरून दूर करण्यात आले. याच सुमारास देशांतर्गत स्पर्धांच्या पारितोषिकांत मंडळाने वाढही केली. बहुतेक प्रमुख मैदाने मंडळाशी संलग्न संघटनांच्या ताब्यात असल्याने आयसीएलचे सामने पंचकुला, हैदराबाद, गुरगाव, अहमदाबाद यांसारख्या ठिकाणी उपलब्ध झालेल्या शासकीय व महापालिकांच्या क्रीडांगणांवर खेळविले गेले. परिणामी मुंबईचे नाव धारण करणारा संघ मुंबईत एकही सामना खेळू शकला नाही.

आयपीएलचा उदय : ललित मोदी यांच्या पुढाकाराने मंडळाने १३ सप्टेंबर २००७ रोजी आपल्या स्वतःच्या साखळीची घोषणा केली. त्याच महिन्यात भारताने वीस षटकांचा पहिला विश्वचषक जिंकला, त्यामुळे या प्रकाराविषयीचे लोकांचे कुतूहल एकाएकी वाढले. मंडळाने संघांची मालकी विविध उद्योगसमूहांना विकली. जानेवारी २००८ मध्ये मुंबईत झालेल्या विक्रीत आठ संघांना मिळून ७२ कोटी ३५ लाख डॉलरहून अधिक किंमत आली. मुंबई संघाची ११ कोटी १९ लाख डॉलर ही किंमत सर्वाधिक ठरली. पुढच्याच महिन्यात खेळाडूंचा लिलाव झाला. पहिल्या स्पर्धेचा अंतिम सामना १ जून २००८ रोजी नवी मुंबईत होऊन राजस्थान संघ विजयी झाला. आयसीएलमध्ये प्रामुख्याने निवृत्त आंतरराष्ट्रीय खेळाडू आणि राष्ट्रीय संघाबाहेरील भारतीय खेळाडू होते. आयपीएलला मात्र राष्ट्रीय संघातील सर्व नामांकित खेळाडू लाभले, आणि प्रेक्षकांची निवडही मग तिकडेच झुकली.

शेवट व परिणाम : आयसीएलने लाहोर व ढाका येथील खेळाडूंचे संघ आणून क्षेत्र विस्तारले. तथापि नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील दहशतवादी हल्ल्यानंतर तिचे सामने खंडित झाले आणि नंतर ती पुन्हा उभी राहिली नाही. एप्रिल २००९ मध्ये नियामक मंडळाने आयसीएलशी संबंध तोडणाऱ्या खेळाडूंना क्षमा जाहीर केली व ७९ भारतीय खेळाडू परतले. त्यांना देशांतर्गत सामन्यांत लगेच प्रवेश मिळाला, पण राष्ट्रीय संघासाठी एक वर्षाची प्रतीक्षा सांगण्यात आली. २००४ मध्ये एकोणीस वर्षांखालील भारतीय संघाचे नेतृत्व केलेला अंबाती रायुडू या काळात आयसीएलमध्ये होता; भारताकडून तो पहिला सामना २०१३ मध्ये खेळला. स्टुअर्ट बिन्नी यालाही ती संधी २०१४ मध्ये मिळाली. ज्यांच्यावर असा प्रकाशझोत कधीच पडला नाही, त्या खेळाडूंच्या दृष्टीने रणजी करंडकाचे हुकलेले दोन हंगाम हीच या संघर्षाची खरी किंमत होय.

मूल्यमापन : पॅकर यांच्या हाती तत्कालीन सर्वोत्तम खेळाडू होते आणि न्यायालयाचा अनुकूल निर्णयही होता, म्हणून मंडळाला तडजोड करावी लागली. भारतात प्रतिस्पर्ध्याची कल्पना मंडळानेच अधिक मोठ्या प्रमाणावर अंमलात आणली आणि तडजोडीचे कारणच उरले नाही. नियम करणारी, मान्यता देणारी आणि स्वतः स्पर्धा भरवून उत्पन्न मिळविणारी संस्था एकच असावी काय, हा मूलभूत प्रश्न मात्र शिल्लक राहिला. आयपीएलशी स्पर्धा करणाऱ्या अन्य साखळीस मान्यता न देण्याची हमी मंडळाने प्रक्षेपण-करारात दिली होती. या आधारावर भारतीय स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी २०१३ मध्ये वर्चस्वाच्या गैरवापराबद्दल मंडळाला ५२·२४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपील न्यायाधिकरणाने हा आदेश २०१५ मध्ये रद्द करून प्रकरण आयोगाकडे फेरविचारार्थ परत पाठविले. फेरचौकशीनंतर आयोगाने नोव्हेंबर २०१७ मध्ये तेवढाच दंड पुन्हा कायम केला. तोपर्यंत आयसीएल बंद पडून आठ वर्षे लोटली होती, आणि आयपीएल ही जगातील सर्वांत श्रीमंत क्रिकेट-साखळी झाली होती.