निश्रय

निश्रय (पाली : निस्सय) : उपसंपदा (पूर्ण भिक्षुदीक्षा) झालेल्या नवक भिक्षूने उपाध्यायाच्या किंवा आचार्याच्या आश्रयास राहून धर्म व विनय यांचे प्राथमिक शिक्षण घेण्याची बौद्ध संघातील व्यवस्था. विनयपिटकाच्या महावग्गातील वृत्तान्तानुसार, मार्ग दाखविणारा कोणी नसल्यामुळे प्रारंभीचे भिक्षू चीवर अस्ताव्यस्त पांघरून भिक्षेस जात, लोक जेवत असता त्यांच्या अन्नावर पात्र पुढे करीत आणि भात-वरण तोंडाने मागून घेत. लोकांच्या या तक्रारी कानी आल्यावर भगवान बुद्धांनी उपाध्याय करण्याची अनुज्ञा दिली व उभयतांनी परस्परांस पिता-पुत्र मानावे, असे सांगितले. पुढे, अवघ्या एका वर्षाच्या अनुभवावर शिष्य करून घेणाऱ्या उपसेन वंगंतपुत्राची कानउघाडणी झाली आणि उपाध्यायपदासाठी 10 वर्षावासांची (भिक्षू म्हणून घालविलेल्या पावसाळ्यांची) अट पडली.

निश्रयाची मुदत प्रथम 10 वर्षांची होती; समर्थ भिक्षूपुरती ती 5 वर्षांवर आणली गेली, असमर्थाला मात्र ती यावज्जीव राहिली. आपत्ती (विनयभंगाचा दोष) कोणती व अनापत्ती कोणती, लघू कोणती व गुरू कोणती हे ओळखणे आणि पातिमोक्ख (भिक्षूंच्या नियमांचा संग्रह) सविस्तर अवगत असणे, ही सामर्थ्याची मुख्य लक्षणे होत. थेरवादी परंपरेतील भिक्षूंच्या पातिमोक्खात 227 शिक्षापदे असून प्रत्येक पंधरवड्याच्या उपोसथास त्यांचे पठण होते.

पहाटे उपाध्यायास दंतकाष्ठ व मुखोदक द्यावे, आसन मांडावे, यवागू वाढावी, पात्र धुवावे, विहार झाडावा आणि मग पाठ घेऊन शंका विचाराव्यात, असा शिष्याचा दिनक्रम सांगितला आहे. म्हणजे विनय पाठ होण्यापूर्वीच तो हातापायांत उतरू लागे. परंतु हे बंधन एकतर्फी नव्हते. शिष्याजवळ पात्र-चीवर नसल्यास ते मिळवून देणे आणि तो आजारी पडल्यास हीच सर्व सेवा त्याची करणे उपाध्यायावर बंधनकारक होते. इतकेच नव्हे, तर उपाध्यायाच्या मनात मिथ्यादृष्टी उद्भवल्यास धर्मचर्चेने ती दूर करण्याचे कर्तव्य शिष्यावर सोपविले होते. प्राचीन गुरुशिष्य-संबंधांच्या इतिहासात या नियमाचे मोल फार मोठे आहे.

सातव्या शतकात भारतात आलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूनेही अशाच गुरुसेवेचे व अध्ययनाचे वर्णन केले आहे. आधुनिक काळात सयाममध्ये (आताचे थायलंड) या शिक्षणाला परीक्षांची जोड मिळाली; तेथे राजपुत्र वजिरञाणवरोरस यांच्या पुढाकाराने 1911 मध्ये नवक भिक्षूंसाठी ‘नक्थम’ परीक्षांचा पाया घातला गेला. धर्म, विनय, बुद्धचरित्र व निबंधलेखन हे या परीक्षांचे विषय असून वजिरञाणवरोरस यांचा ‘नवकोवाद’ हा ग्रंथ आरंभीच्या अभ्यासाला लावलेला असे. लेखी परीक्षेने ज्ञानाचा दाखला मिळतो. आचरणाची पारख मात्र सहवासानेच होते, आणि तेवढ्यापुरते उपाध्यायाचे काम तेथेही उरतेच. मराठीत या नियमांचा विस्तृत परिचय धर्मानंद कोसंबी यांनी ‘बौद्धसंघाचा परिचय’ (1926) या ग्रंथात करून दिला. श्रीलंकेत विद्योदय परिवेणात सुमंगल महास्थविरांपाशी त्यांनी स्वतः दीक्षा घेतली होती.