मोहाच्या फुलापासून मुद्देमालापर्यंत

"दारूवाल्याला पकडून दिलं, पण तो कोर्टातून सुटून आला," असं आपल्या गटाच्या बैठकीत कुणी ना कुणी म्हणतंच. मग वाटतं, हा कायदा आहे तरी कुणासाठी? आज या कायद्याची जुनी गोष्ट सांगते.

फाल्गुन-चैत्रात मोहाची फुलं गळतात. आजच्या पालघर, ठाणे, रायगडच्या डोंगरांत आदिवासी बाया पहाटे उठून ती वेचायच्या. वाळवून ठेवायच्या, टंचाईत शिजवून खायच्या, गुरांना घालायच्या. त्यांचीच दारू घरी गाळली जायची. ती देवाला लागायची, लग्नाकार्याला लागायची.

१८७८ साली इंग्रज सरकारनं मुंबई इलाख्यात अबकारी कायदा केला. आता दारू गाळायची आणि विकायची ती परवान्यानंच. सरकारला दारू बंद करायची नव्हती, तिच्यावरचा कर हवा होता. माणसं घरचीच प्यायली तर कर कुठून येणार? म्हणून १८९२ साली ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी वेगळा कायदा करून मोहाच्या फुलांवरच बंधन घातलं. ज्या फुलांवर घर चालायचं, ती जवळ बाळगणं हाच गुन्हा ठरू लागला.

आणि न्याय करणार कोण? कलेक्टर महसूल गोळा करायचा आणि जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेटही तोच. खाली मामलेदाराचंही तसंच. ज्याचा कर बुडाला, त्याच्याच पुढे आरोपी उभा! मुंबई राज्यात ही दोन कामं वेगळी करणारा कायदा १९५१ साली झाला.

त्याआधी, १९४९ साली, दारूबंदीचा कायदा आला. आता हेतू उलटा होता. कर वाढवायचा नव्हता, दारू थांबवायची होती. पण विनापरवाना दारू ताब्यात ठेवणं हा गुन्हा तसाच राहिला. पुढे महाराष्ट्रात दारूबंदी सैल झाली, परवान्याची दुकानं आली. तरी हातभट्टीच्या केसेस आजही याच कायद्याच्या पासष्टाव्या कलमाखाली चालतात.

मग आरोपी सुटतो कसा? धाड पडते, कॅन सापडतो. दोन पंचांसमोर पंचनामा होतो. नमुन्याची बाटली भरतात, सील करतात, तिच्यावर पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावतात आणि ती रासायनिक तपासणीला पाठवतात. कोर्टात न्यायदंडाधिकारी दोन गोष्टी पाहतात: ती दारूच होती का, आणि ती याच माणसाच्या ताब्यात होती का? पंच म्हणाला, "मी काही पाहिलं नाही, पोलिसांनी सांगितलं म्हणून सही केली," की केस ढिली पडते. सील नीट नसलं, तरी शंका येते. शंकेचा फायदा आरोपीला मिळतो. हा नियम वाईट नाही. उद्या कुणी आपल्याच पोराच्या खोपट्यात कॅन ठेवला, तर हाच नियम त्याला वाचवील.

म्हणून मैत्रिणींनो, पंच व्हायला बाईही चालते. पण जे डोळ्यांनी पाहिलं, त्यालाच सही द्यायची. आधी पंचनामा वाचायचा, वाचता येत नसेल तर वाचून घ्यायचा. कोर्टाचं समन्स आलं की मजुरी बुडाली तरी जायचं, आणि जे पाहिलं तेच सांगायचं.

आणखी एक. आरोपीच्या जागी कधी कधी आपल्यासारखीच एखादी एकटी बाई असते, पोरांच्या पोटासाठी कॅन सांभाळणारी. माल पुरवणारा मात्र कुठं दिसत नाही. तक्रार करताना त्याचंही नाव आपल्याला नक्की ठाऊक असेल, तर ते सांगायला विसरू नका. आणि त्या बाईला गटात घेऊन दुसरं काम मिळवून देणं, हे कोर्टाचं नाही, आपलं काम.

२०२१ साली राज्य सरकारनं मोहाची फुलं वेचण्या-साठवण्यावरची बंधनं सैल केली. फूल बाईच्या ओच्यात परत यायला सव्वाशे वर्षांहून जास्त काळ लागला. कायदा बदलतो, बायांनो. पण आपण बोललो तर.