पडद्यावर आपला तरुण कुठे आहे?

२०१५ साली झी मराठीवर 'दिल दोस्ती दुनियादारी' आली. मुंबईतल्या एका फ्लॅटमध्ये राहणारे सहा तरुण-तरुणी. पुसदला खोली करून शिकणाऱ्या आमच्या पोरांनीही ती आवडीने पाहिली. पण शिष्यवृत्ती अडली म्हणून मेस बंद करणारा, आडनाव सांगताच खोली नाकारली जाणारा तरुण त्यात कुठे होता? पुढेही तरुणांच्या बहुतेक मालिका मैत्री, प्रेम, लग्न यांतच फिरत राहिल्या.

विषय नाहीत म्हणून हे घडते का? इतिहास तसे सांगत नाही. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशांनी अस्पृश्यता आणि शिक्षण हे प्रश्न गावोगाव नेले. १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादेत महाविद्यालय काढले, तेच आजचे मिलिंद. तिथल्या विद्यार्थ्यांनी प्राचार्य म. भि. चिटणीसांचे 'युगयात्रा' नाटक करून युगानुयुगांचे शोषण रंगमंचावर मांडले. म्हणजे तरुणांनी, तरुणांसमोर, स्वतःचे प्रश्न!

२०१९ ला स्टार प्रवाहवर बाबासाहेबांची मालिका आली, याचा आनंदच आहे. मात्र त्यांच्यामुळे शिकलेल्या आजच्या पिढीची गोष्ट अजून बाकी आहे. कारण गोष्ट कोणाची, हे लिहिणारा ठरवतो. म्हणून मित्रांनो, नुसती तक्रार नको. लेखणी हाती घ्या.

जय भीम!